प्रथमोपचार प्रमाणपत्र: नागपूरच्या कारखान्यांनी किती जणांसाठी आणि कसा अर्ज करावा

हिंगणा, बुटीबोरी किंवा कळमेश्वर, कुठल्याही एमआयडीसीत प्रथमोपचार प्रशिक्षणाची सुरुवात "दोन माणसे पाठवून द्या" अशीच होते. हा आकडा कुठून आला, ते विचारले तर सांगता येत नाही. अर्जाआधी हिशेब करा.

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 45 प्रमाणे एका वेळी कामावर असणाऱ्या दर 150 कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी लागत असे. प्रत्येक पेटीसाठी स्वतंत्र जबाबदार व्यक्ती हवी असे. तिच्याकडे राज्य शासनाने मान्य केलेले प्रथमोपचार प्रमाणपत्र आणि कामाच्या वेळेत तिची सहज उपलब्धता या अटी होत्या. हिशेबाला आजही हेच माप धरा. अडते ते या शेवटच्या अटीवर. समजा पहिल्या पाळीत 280, दुसऱ्या पाळीत 130 आणि रात्री 60 कामगार आहेत. मोठ्या पाळीवरून पेट्या दोन, पण त्या तिन्ही पाळ्यांत उघड्या राहतात, म्हणजे प्रमाणपत्रधारक सहा. साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरून आणखी दोन, एकूण आठ. सगळ्या पेट्यांवर एकाच सेफ्टी ऑफिसरचे नाव लिहिणे चालत नाही. रात्रपाळीत तो घरी असतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाने अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 अमलात आली आहे. पेटीचे बंधन तिच्यातही आहे आणि 500 पेक्षा जास्त कामगार असल्यास ॲम्ब्युलन्स रूमही लागते. नियमांचा तपशील अजून बदलत असल्याने हिशेब 150 च्या मापाने धरा आणि सध्या कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र ग्राह्य आहे, हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेड क्रॉस ही नावे सगळ्यांना माहीत आहेत. घरबसल्या व्हिडिओ पाहून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर मात्र पैसे घालू नका. हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देणे हाताने केल्याशिवाय येत नाही.

कोणाची निवड करावी? शिक्षणापेक्षा जागा महत्त्वाची. पेटीजवळ काम करणारा फिटर, इलेक्ट्रिशियन, लाइन सुपरवायझर हे योग्य. क्रेन ऑपरेटर किंवा गेटवर एकटा असलेला सुरक्षारक्षक जागा सोडू शकत नाही, म्हणून ते नकोत. गुडघ्यांवर बसून दोन मिनिटे दाब देता येईल इतपत ताकद हवी. ठेका कामगार जास्त असतील तर त्यांच्यातलेही एक-दोन घ्या. कंत्राटदाराने प्रथमोपचाराची सोय केली नाही तर ती मूळ मालकाला करावी लागे, हे ठेका कामगार अधिनियम, 1970 मध्येच होते; आता त्या अधिनियमाच्या जागीही नवी संहिता आली आहे.

प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेकडे अर्ज कंपनीच्या लेटरहेडवर करतात. त्यात कारखाना परवाना क्रमांक, एकूण आणि पाळीनिहाय कामगारसंख्या, प्रशिक्षणार्थींची नावे, हुद्दा, पाळी आणि सोयीच्या तारखा लिहा. मराठीतून की हिंदीतून शिकवायचे, तेही तिथेच नमूद करा. नाहीतर परीक्षेच्या दिवशी घोळ होतो. सोबत प्रत्येकाचे ओळखपत्र आणि पासपोर्ट आकाराचा फोटो जोडा. नाव ओळखपत्रावर आहे तसेच लिहा. हजेरीपटावर "राजू" आणि प्रमाणपत्रावर "राजेंद्र" असले की निरीक्षणाच्या वेळी खुलासे देत बसावे लागते. शुल्काची पावती कंपनीच्या नावावर घ्या. एका पाळीतले सगळे जण एकाच तुकडीत पाठवू नका, त्या दिवशी पेटी बेवारस राहते.

प्रशिक्षकाला आपल्याकडचे धोके आधी कळवा: भट्टी, प्रेस, रसायने, उंचीवरचे काम. नागपूरच्या मे महिन्यात उष्माघात वगळून प्रशिक्षण संपवणे म्हणजे अर्धेच काम. प्रात्यक्षिकात छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटीमीटर खोल, आणि 30 दाबांमागे 2 श्वास हे प्रत्येकाकडून सरावाच्या पुतळ्यावर करून घेतले जाते का, ते पाहा. 108 ला फोन करून प्लॉट नंबर आणि आत येण्याचा गेट सांगण्याचा सरावही त्यातच उरकावा. मोठ्या आवारात गाडी चुकीच्या गेटवर उभी राहणे ही नेहमीची गोष्ट.

प्रमाणपत्र आले की पेटीवर जबाबदार व्यक्तीचे नाव आणि पाळी लावा. पेटीत विहित वस्तूंशिवाय काही ठेवता येत नाही. चाव्या, डोकेदुखीच्या गोळ्या, मोबाइलचा चार्जर बाहेर काढा. कुलूप लावून किल्ली केबिनमध्ये ठेवू नका. पत्र्याखाली किंवा भट्टीशेजारी पेटी टांगली तर उन्हाळ्यात चिकटपट्टीचा गोंद पाझरतो.

सेंट जॉनचे प्रमाणपत्र 3 वर्षे चालते. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी पुढच्या तुकडीचा अर्ज टाका. प्रमाणपत्र व्यक्तीच्या नावाने असते, पदाच्या नाही; माणूस नोकरी सोडून गेला की ते त्याच्याबरोबर जाते. म्हणून राजीनाम्याच्या नो-ड्यूज फॉर्मवर "प्रथमोपचार पेटी कोणाकडे सोपवली" असा रकाना वाढवून घ्या.