बाप प्रेमात पडला की मुलगी हातची जाते?

“मुलगी वयात आलीय, आता स्वतःचा विचार सोड. तू कुणात गुंतलास की पोरगी हातची गेलीच म्हणून समज.” घटस्फोटित बापाला हा सल्ला वर्षानुवर्षं ऐकवला जातो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे 1,400 कुटुंबांचा जवळपास तीन दशकं मागोवा घेतला. घटस्फोट झालेल्या घरांतली साधारण तीन-चतुर्थांश मुलं पुढे नीट मार्गी लागली. घरात नवं माणूस येणं सर्वांत जड जातं ते मात्र किशोरवयाच्या उंबरठ्यावर, हेही त्यांनाच आढळलं.

म्हणजे खोट प्रेमात नाही, घाईत आणि लपवाछपवीत आहे. बाबांच्या फोनवर झळकलेल्या मेसेजवरून मुलीला कळलं, तर त्या बाईपेक्षा बाबांचं खोटं बोलणंच तिला जास्त बोचतं. आणि नव्या मैत्रिणीने पहिल्याच महिन्यात अभ्यासावरून, कपड्यांवरून टोकायला सुरुवात केली तर भडका उडणारच. शिस्तीचं बापाने बघावं, तिने नुसती ओळख वाढू द्यावी. मुलीने तोंड फिरवलं म्हणून लगेच हाय खाऊ नये. या वयात ती सख्ख्या बापाशीही तशीच वागते!

राहिला प्रश्न नोकरीचा: मुलगी आईकडे राहते आणि कामामुळे भेटी कमी होतात, तेव्हा काय? पॉल अमाटो आणि जोन गिलब्रेथ या संशोधकांनी 1999 मध्ये 63 अभ्यास एकत्र तपासले. वेगळं राहणारा बाप किती वेळा भेटतो यापेक्षा भेटल्यावर ऐकून घेतो का, नियम घालतो का, याचा परिणाम जास्त दिसला. मीटिंगमुळे भेट पुढे ढकलावी लागलीच, तर तो निरोप तिला बापाने स्वतः द्यावा, आईमार्फत नको.