जुन्या लॅपटॉपची रॅम फोनला लावता येते का?

‘बंद लॅपटॉपमधली रॅम (चालू कामापुरती तात्पुरती मेमरी) फेकू नका, फोनला जोडा, फोन दुप्पट वेगाने पळेल’, असा निरोप बरीच वर्षं फिरतो आहे. गैरसमज होणं साहजिक आहे. रॅमही ‘मेमरी’, फोनमधलं कार्डही ‘मेमरी’, आणि दोन्ही जीबीतच मोजतात.

पण मेमरी कार्डावरचे फोटो वीज नसतानाही टिकतात. रॅममधलं सगळं वीज गेली की पुसलं जातं. त्यामुळे तिचा पेन ड्राइव्हही होत नाही. शिवाय फोनची रॅम मदरबोर्डवरच, बहुतेकदा थेट प्रोसेसरच्या डोक्यावर, डाखून बसवलेली असते. लॅपटॉपच्या रॅमची पट्टी सुमारे पावणेसात सेंटिमीटर लांब. ती लावायला फोनमध्ये खाचच नाही.

मग ती टाकाऊ का? मुळीच नाही. दुसऱ्या लॅपटॉपमध्ये किंवा छोट्या मिनी पीसीत ती मजेत चालते, फक्त रॅमची पिढी (डीडीआर३, डीडीआर४ अशी) जुळायला हवी. डीडीआर३ च्या पट्टीला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०. पट्टीच्या कडेवरची खाचही वेगळ्या जागी, म्हणून चुकीची पट्टी बसतच नाही. (जोर लावू नका, सॉकेट तुटतं.) डीडीआर३ मध्येही १.५ व्होल्टची आणि १.३५ व्होल्टची असे दोन प्रकार. काही लॅपटॉप फक्त १.३५ व्होल्टचीच स्वीकारतात.

पट्टीवरचं लेबल वाचा: ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३, ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी’ उघडलं की किती स्लॉट (पट्ट्या बसवायच्या जागा) वापरात आहेत तेही दिसतं.