स्टुडंट-अ‍ॅथलीटांसाठी माजी खेळाडूंचं करिअर नेटवर्क

अमेरिकेत जी मुलंमुली शिकता शिकता कॉलेजच्या टीमकडून खेळतात, त्यांना पुढे नोकरीधंद्याला लागायला त्याच कॉलेजचे, बऱ्याचदा त्याच टीमचे, जुने खेळाडू मदत करतात, ती ही पद्धत. मदत म्हणजे काय, तर फोनवर अर्धा तास बोलणं, रेझ्युमे तपासून देणं, मॉक इंटरव्ह्यू घेणं, एखादा दिवस आपल्या ऑफिसात सोबत बसवणं आणि जमलं तर योग्य माणसाकडे शब्द टाकणं. काही कॉलेजांत हे काम अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंट बघतं, काही ठिकाणी जुन्या खेळाडूंचे क्लब बघतात, आणि बऱ्याच छोट्या टीमांमध्ये अधिकृत असं काहीच नसतं, कोचच्या मोबाइलमधल्या नंबरांवर सगळं चालतं.

गरज का पडते

कॉलेज स्पोर्ट्सचा कारभार बघणारी एनसीएए १९०६ मध्ये सुरू झाली. आज तिच्याकडे पाच लाखांवर खेळाडू आहेत आणि त्यातले पुढे प्रोफेशनल खेळणारे दोन टक्केसुद्धा भरत नाहीत. टीव्हीवर फुटबॉल आणि बास्केटबॉल दिसतं म्हणून आपल्याला वाटतं सगळेच लीगमध्ये जाणार, पण रोइंग, स्विमिंग, कुस्ती, क्रॉस कंट्री वगैरे खेळणाऱ्या बहुतेकांचा स्पर्धेतला खेळ डिग्रीबरोबरच संपतो. एनसीएएने तर स्वतःच टीव्हीवर जाहिरात केली होती की आमचे बहुतेक खेळाडू प्रोफेशनल होतील, फक्त खेळात नाही, दुसऱ्या कशात तरी.

आता खरी अडचण. ही मुलं हुशार नसतात किंवा आळशी असतात असं अजिबात नाही, त्यांच्याकडे वेळच नसतो. १९९१ पासून डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटात, नियम आहे की सीझनमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि दिवसाला ४ तासच खेळासाठी घ्यायचे. वाचायला छान वाटतं, पण मॅचचा अख्खा दिवस गेला तरी हिशेबात ३ तासच धरतात आणि प्रवास तर धरतच नाहीत, त्यामुळे एनसीएएच्या स्वतःच्या सर्वेक्षणांतसुद्धा खेळाडू आठवड्याला तीसच्या वर तास सांगतात. वर उन्हाळ्यात ट्रेनिंग असतं. बाकीची मुलं नेमकी त्याच सुट्टीत इंटर्नशिप करतात, आणि मोठ्या बँका, कन्सल्टिंगवाले वगैरे आपल्या इंटर्नमधूनच पुढची भरती करत असल्यामुळे तिथे जो चुकला तो थेट रांगेच्या शेवटी जातो.

नेमकं काय होतं

सगळ्यात उपयोगी पडतं ते संभाषण, आणि बहुतेकांना हेच पटत नाही, कारण त्यांना वाटतं जुना खेळाडू म्हणजे नोकरी देणारा माणूस. समजा एका रोअरने, म्हणजे रोइंगच्या टीममधल्या मुलीने, रेझ्युमेत लिहिलंय ‘चार वर्षं टीममध्ये, शेवटच्या वर्षी कॅप्टन’. कॉलेजच्या करिअर ऑफिसमधला माणूस म्हणेल छान आहे, पण कामाचा अनुभव लिहा. जुनी रोअर असलेली मॅनेजर मात्र विचारते, कॅप्टन म्हणून करायचीस काय, नवीन मुली मधेच सोडून जायला लागल्या तेव्हा त्यांच्याशी कोण बोललं, बोटीत कोण कुठे बसणार यावरून भांडण झालं तर कोचकडे कोण गेलं, पहाटेच्या प्रॅक्टिसनंतर केमिस्ट्रीची लॅब कशी सांभाळलीस. अर्ध्या तासात त्याच एका ओळीच्या चार ओळी होतात, आणि त्या चारही खऱ्या असतात. हे बाहेरच्या माणसाला सुचत नाही, कारण त्याला आत काय चालतं तेच माहीत नसतं.

दुसरी गोष्ट ओळखींची. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्ये दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त सतराएक टक्के लोकांचा त्या ओळखीच्या माणसाशी नेहमीचा संपर्क होता, बाकीच्यांची ओळख अधूनमधून भेटण्यातली किंवा क्वचितची. कारण साधं आहे, जवळच्या मित्रांना तेवढंच माहीत असतं जेवढं आपल्याला. आणि स्टुडंट-अ‍ॅथलीटचं सगळं जगच टीममेट, ट्रेनर आणि कोच एवढ्यात बसतं, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी त्याच टीममध्ये खेळलेला अनोळखी माणूस त्याच्या रूममेटपेक्षा जास्त कामाला येतो.

कॉलेज आणि नियम

माजी खेळाडूंचा मान जुनाच आहे. हार्वर्डच्या बेसबॉल टीमने १८६५ मध्ये जर्सीवर ‘एच’ लावला, तिथून चांगलं खेळून टीमचं अक्षर मानाचं म्हणून मिळवण्याची रीत पडली आणि पुढे अक्षर मिळवलेल्यांचे क्लब झाले. करिअरची तयारी हे कॉलेजचं काम आहे ही समज मात्र बरीच उशिरा आली. एनसीएएचा लाइफ स्किल्स प्रोग्रॅम १९९४ चा. आता लिंक्डइनमुळे जुने लोक शोधणं सोपं झालंय, पण शोधणं वेगळं आणि मेसेज टाकणं वेगळं, हजारो प्रेक्षकांसमोर फ्री थ्रो मारणारी मुलं अनोळखी माणसाला दोन ओळी लिहायला कचरतात.

नियमांचं भानही ठेवावं लागतं, कारण याच माजी विद्यार्थ्यांमधून बूस्टर, म्हणजे टीमला पैशाचं पाठबळ देणारे चाहते, निघतात आणि त्यांनी गुपचूप पैसे चारल्याचा इतिहास आहे. सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीचा १९८७ चा अख्खा फुटबॉल सीझन एनसीएएने त्यापायीच रद्द केला. म्हणून नोकरी दिली तर पगार खरंच केलेल्या कामाचाच आणि त्या भागातल्या चालू दरानेच द्यायचा, असा नियम आहे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमाई करता येते आणि २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेजं थेट पैसेही देऊ शकतात, पण मोठा पैसा मोजक्या खेळांतल्या मोजक्या खेळाडूंकडे जातो, उरलेल्यांना नोकरी शोधायचीच आहे.

कुठे कमी पडतं

हे नेटवर्क सगळ्यांना सारखं मिळत नाही, उघड आहे. ज्या टीमची जुनी माणसं आधीपासून फायनान्समध्ये बसलीत तिथली मुलं फायनान्समध्ये जातात, आणि ज्याला मास्तर किंवा फिजिओथेरपिस्ट व्हायचंय त्याला विचारायला कोणी सापडत नाही. शिक्षणसंस्थांत लैंगिक भेदभावाला मनाई करणारा टायटल नाइन कायदा १९७२ चा, बऱ्याच महिला टीमा त्यानंतरच उभ्या राहिल्या, त्यामुळे त्यांना त्याआधीच्या जुन्या खेळाडूंचा साठा जवळपास नाहीच. दुखापतीने मधेच खेळ सुटलेली मुलं तर लिस्टमधूनच गळतात, खरं तर सगळ्यात आधी फोनची गरज त्यांनाच असते. आणि २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आल्यापासून एकच खेळाडू दोन-तीन कॉलेजं फिरतो, त्यामुळे तो कोणाचा माजी खेळाडू, त्याच्यासाठी फोन कोणी उचलायचा, हे अजून नीट ठरलेलं नाही.