पेला हातात धरल्याशिवाय झटका नाही

जुलैत गोव्यातल्या डिचोलीच्या वर्गात पीव्हीसीचा पाइप कागदाने कितीही घासला तरी कागदाचे कपटे जागचे हलत नाहीत. मुलांना वाटतं, पुस्तकात खोटं लिहिलंय. घासल्यावर कागदातले इलेक्ट्रॉन पाइपवर येतात हे खरंच आहे, पण पावसाळ्यात पाइपवर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर धरतो आणि त्यावरून विजेचा प्रभार निसटून जातो. म्हणून प्रभार साठवणाऱ्या पेल्याचा हा तास मी जानेवारीतल्या कोरड्या दुपारसाठी राखून ठेवते. गणेश चवथीच्या आधी करायचाच झाला, तर पाइप, कागद, पेले सगळं हेअर ड्रायरने सुकवून घेते.

प्लास्टिकचे दोन पेले घ्यायचे. दोन्हींना बाहेरून चपातीची फॉइल गुंडाळायची, एक दुसऱ्यात बसवायचा आणि आतल्या फॉइलला टेकलेली फॉइलचीच एक पट्टी वर काढायची. बाहेरची फॉइल हातात धरून घासलेला पाइप पट्टीजवळून पाच-सहा वेळा फिरवायचा. मग दुसऱ्या हाताचं बोट पट्टीला लावलं की चट्‌कन ठिणगी पडते आणि बोट आपोआप मागे येतं!

यात हाताचं काम काय? मला हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. आतल्या फॉइलवर इलेक्ट्रॉन आले की ते बाहेरच्या फॉइलमधल्या इलेक्ट्रॉनांना दूर लोटतात. हात असला तर ते अंगातून जमिनीकडे निघून जातात. बाहेर धन प्रभार उरतो आणि तो आतल्या ऋण प्रभाराला प्लास्टिकच्या भिंतीतून ओढून धरतो. म्हणून आत आणखी गर्दी मावते. पेला कोरड्या थर्मोकोलवर ठेवून पाहा, झटका जेमतेम लागतो.

१७४६ मध्ये हॉलंडमधल्या लायडन शहरात मुशेनब्रुक या शास्त्रज्ञांच्या प्रयोगात पाण्याची बाटली अशीच हातात धरलेली होती. हातच बाहेरचा पत्रा झाला, आणि झटका जबर बसला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये नोले या शास्त्रज्ञांनी राजासमोर १८० शिपायांना हातात हात धरून उभं केलं, तर सगळे एकदम उडाले. आमच्या वर्गात दहा-बाराजणांची साखळी होते. शेवटची मुलगी डोळे मिटून बोट लावते आणि साखळीभर एकच किंकाळी. हृदयाचा त्रास असलेल्याला मात्र मी साखळीत घेत नाही.

घरचा पंखा काठीने ढकलल्याशिवाय फिरेना, की इलेक्ट्रिशियन म्हणतो, ‘कंडेन्सर गेला.’ तो कंडेन्सर म्हणजे हाच पेला: धातूचा मुलामा दिलेल्या, केसाहून पातळ प्लास्टिकच्या लांब पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या. भिंत पातळ आणि पत्रा मोठा, म्हणून एवढ्याशा डबीत २.५ मायक्रोफॅराड (प्रभार साठवायची क्षमता मोजायचं एकक) मावतात, आपल्या पेल्याच्या काही हजार पट. तो मात्र वर्गात उघडायचा नाही. पंखा बंद केल्यावरही त्यात प्रभार उरलेला असू शकतो.