मूळव्याध

मूळव्याध (अर्श) : गुदमार्गाच्या आतल्या मऊ, उशीसारख्या ऊतकांना सूज येऊन ती खाली सरकण्याचा विकार. बोलीत ‘कोंब’ किंवा ‘मोड’ येणे असेही म्हणतात.

कारणांविषयी दोन मते आहेत. फुगलेल्या नीला (हृदयाकडे काळपट रक्त परत नेणाऱ्या शिरा) म्हणजेच मूळव्याध, हे जुने मत दीर्घकाळ रूढ होते. १९७५ मध्ये शल्यचिकित्सक टॉमसन यांनी वेगळे प्रतिपादन केले : रक्तवाहिन्या, स्नायुतंतू व संयोजी ऊतक यांच्या या उशा प्रत्येकात जन्मतः असतात, सहसा तीन ठिकाणी, आणि गुदद्वार घट्ट मिटण्यास मदत करतात. त्यांना धरून ठेवणारे तंतू ढिले पडले की त्या घसरतात. हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. यकृताच्या विकारात गुदाशयातील नीला फुगतात, पण तो विकार निराळा. मूळव्याधीत पडणारे रक्त काळपट नसून लालभडक असते, यावरूनही केवळ नीलांचा सिद्धांत अपुरा पडतो.

आतल्या कोंबांना सहसा वेदना नसते. शौचाच्या शेवटी रक्ताचे थेंब पडतात, एवढेच लक्षात येते. कोंब बाहेर येत नाही ती पहिली अवस्था. आपोआप आत जातो ती दुसरी. बोटाने ढकलावा लागतो ती तिसरी. आत जातच नाही ती चौथी. अचानक ठणकणारी निळसर गाठ बहुधा बाहेरच्या नीलेत रक्त गोठल्याने येते. शौच करताना चिरल्यासारखी आग होत असेल, तर मात्र गुदचीर (फिशर) असण्याचा संभव जास्त.

सुश्रुतसंहितेत (काळ विवाद्य) औषध, क्षार (दाहक लेप), अग्नी (डाग देणे) व शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. आजही पहिला उपाय मल मऊ ठेवणे हाच : दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू, पुरेसे पाणी, कुंथणे व संडासात रेंगाळणे बंद. कोमट पाण्यात बसल्याने आराम पडतो. स्टेरॉइडयुक्त मलम आठवडा-दोन आठवड्यांपलीकडे लावू नये; त्वचा पातळ होते. त्रास पुन्हा उद्भवतो तो बहुतेकदा रक्त थांबताच जुन्या सवयी परतल्यामुळे.

एवढ्याने न भागल्यास कोंबाच्या मुळाशी रबरी कडे बसवतात; रक्तपुरवठा तुटून तो सुमारे आठवड्यात गळतो. मोठ्या कोंबांसाठी मिलिगन व मॉर्गन यांची छेदनपद्धती (१९३७) वापरतात. ती वेदनादायक, पण पुनरुद्भव कमी. स्टेपलर पद्धतीत (यंत्राने ऊतक कापून टाचणे) वेदना कमी, पुनरुद्भव जास्त. जुनी मूळव्याध असली तरी नव्याने रक्त पडू लागल्यास, विशेषतः चाळिशीनंतर, तपासणी करून घ्यावी; मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही हेच लक्षण दिसते.