मुलाखतीच्या तयारीसाठी येण्यापूर्वी : अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी माहितीपत्रक

विज्ञानातील शिष्यवृत्ती, उन्हाळी संशोधन कार्यक्रम किंवा पीएच.डी.ची फेलोशिप यांच्या मुलाखतीच्या तयारीसाठी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून जे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आमच्याकडे येतात, त्यांचे बरेचसे प्रश्न तेच ते असतात आणि पहिल्या बैठकीचा वेळही बहुधा एकाच कारणाने वाया जातो. नाव नोंदवण्याआधी हे पत्रक वाचून घेतल्यास आपला वेळ आणि शुल्क दोन्हींची बचत होईल.

प्रथम पालकांच्या नेहमीच्या शंकेविषयी. केव्हीपीवाय या नावाने सर्वांना परिचित असलेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना १९९९ मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये इन्स्पायर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिष्यवृत्ती योजनेत विलीन झाली, त्यामुळे तिच्या मुलाखतीच्या नावाने कोणी आजही शुल्क मागत असेल तर ते देऊ नये. इन्स्पायरची वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती मूलभूत व नैसर्गिक विज्ञानांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी आहे; बी.ई. किंवा बी.टेक. करणाऱ्यास ती लागू होत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यावर वैज्ञानिकांसमोर बसण्याचा प्रसंग येतो तो टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) यासारख्या संस्थांच्या सुट्टीतील संशोधन कार्यक्रमांच्या निवडीत, गेट या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेनंतर आयआयएससी (बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था) वा आयआयटीमधील पीएच.डी.च्या प्रवेशात, पहिली दोन वर्षे दरमहा ७०,००० रुपये देणाऱ्या पंतप्रधान संशोधन फेलोशिपसाठी, किंवा परदेशातील शिक्षणासाठी १८९२ पासून दिल्या जाणाऱ्या जे. एन. टाटा एन्डॉवमेंटच्या कर्ज-शिष्यवृत्तीसाठी. पात्रतेचे नियम बदलत असतात, म्हणून ते त्या त्या वर्षीच्या अधिसूचनेत पाहावेत. ते आम्हाला फोनवर विचारू नयेत.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे येणारा विद्यार्थी सहसा असे धरून चालतो की मुलाखतीत पुस्तकातले प्रश्न विचारले जातील आणि आम्ही त्यांची उत्तरे पाठ करून घेऊ. प्रत्यक्षात मुलाखत घेणाऱ्या वैज्ञानिकांच्या मंडळापुढे त्याचा अर्ज असतो, आणि प्रश्नांची सुरुवात बहुतेक वेळा त्या अर्जातूनच होते. अर्जात मोठ्या अभिमानाने लिहिलेले प्रोजेक्ट स्वतःलाच नीट सांगता न येणे, ही एकच चूक सर्वांत जास्त वेळ खाते. चौघांच्या गटात एकाने सर्किट जोडलेले असते, दुसऱ्याने रिपोर्ट टाइप केलेला असतो आणि उरलेल्या दोघांनी बाइंडिंगचे काम केलेले असते. अर्जात मात्र चौघेही ‘मी तयार केले’ असे लिहितात. तयार प्रोजेक्ट बाजारात विकत मिळतात हे आम्हाला ठाऊक आहे, आणि मंडळावरील प्राध्यापकांनाही ते ठाऊक असते.

एक उदाहरण विस्ताराने देतो, कारण आपल्या भागातून हे प्रोजेक्ट फार येते: मातीतील ओलावा मोजून ठिबकची मोटार आपोआप सुरू करणारी यंत्रणा. विद्यार्थी सांगतो की अर्डुइनोवरील (सेन्सर जोडून प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवरील) रीडिंग ६०० च्या वर गेले, म्हणजे माती कोरडी झाली, की मोटार सुरू होते. मंडळाचा पहिला प्रश्न असतो, ६०० च का? हा आकडा मित्राच्या प्रोग्राममधून आलेला असेल तर मुलाखत तेथेच अडते. तो स्वतःचा असेल तर उत्तर पुढे सरकते. अर्डुइनो उनो ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, आणि ६०० म्हणजे साधारण २.९ व्होल्ट. पण मातीत पाणी नेमके किती असताना हे व्होल्टेज येते? ते ठरवण्यासाठी मातीचा नमुना ओला असताना तोलावा लागतो, मग १०५ अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये २४ तास वाळवून पुन्हा तोलावा लागतो, आणि वजनातील फरकाशी रीडिंग जुळवावे लागते. हे कॅलिब्रेशन, म्हणजे रीडिंगची खऱ्या मापाशी जुळणी, ज्याने एकदा तरी हाताने केले आहे, त्याला पुढच्या प्रश्नांची धास्ती वाटत नाही.

पुढचे प्रश्नही याच वाटेने येतात. दोन दांड्यांचा स्वस्त सेन्सर मातीचा विद्युतरोध मोजतो, आणि रोध केवळ पाण्यावर नव्हे तर त्यात विरघळलेल्या क्षारांवरही अवलंबून असतो. मग केळीला ठिबकमधून पोटॅश सोडल्यानंतर ओलावा तेवढाच असतानाही रीडिंग का बदलते, आणि युरिया सोडल्यावर लगेच तेवढे का बदलत नाही? (युरियाचे पाण्यात आयन, म्हणजे वीज वाहून नेणारे भारित कण, होत नाहीत, हे अकरावी-बारावीचे रसायनशास्त्र आहे, पण अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत ते पुष्कळांच्या डोक्यातून निघून गेलेले असते.) सेन्सरला सतत एकाच दिशेचे व्होल्टेज दिल्यास विद्युत-अपघटनाने त्याच्या दांड्या झिजतात, तर त्यावर काय उपाय केला? रोधाऐवजी विद्युतधारिता मोजणारा कॅपेसिटिव्ह सेन्सर अधिक भरवशाचा का? ही धारिता ज्यावर अवलंबून असते तो डायइलेक्ट्रिक स्थिरांक पाण्याचा सुमारे ८० आणि कोरड्या मातीचा ३ ते ५ असतो, एवढे सांगता आले तरी मंडळाला समजते की समोरच्याने विचार केलेला आहे. आणि उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडून सेन्सरभोवती हवा राहिली तर रीडिंगचे काय होईल, या प्रश्नाला शेतकऱ्याच्या मुलाने दिलेले उत्तर शहरातल्या मुलापेक्षा सरस ठरू शकते. आपल्याकडील विद्यार्थी आपली ही बाजू विनाकारण लपवतात.

अभियंत्याला सूत्र वापरता यायला हवे. वैज्ञानिकांच्या मंडळाला ते सूत्र कोठून आले आणि कोठे लागू पडत नाही, हे ऐकायचे असते. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने प्रवाहाचा वेग आणि दाब यांचा संबंध सांगणारे बर्नुलीचे समीकरण लिहिताना घर्षण आणि बदलती घनता वगळलेली असते, हे आपण होऊन सांगावे. अर्जात रेडिओ खगोलशास्त्राची आवड लिहिणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, एवढी माहिती असून भागत नाही. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीला त्यातील एकच अँटेना आकाशाचा किती भाग वेगळा ओळखू शकेल, हे त्याने कागदावर काढून दाखवले पाहिजे. उत्तर पाव अंशाच्या आसपास येते, म्हणजे चंद्रबिंबाच्या साधारण निम्मे. अशी ढोबळ गणिते आम्ही प्रत्येक बैठकीत घेतो: ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीतील हवेचे वजन किती, असे विचारले की बहुतेक जण एक-दोन किलो सांगतात, प्रत्यक्षात ते ७० किलोच्या पुढे जाते.

‘आम्ही इंजिनिअरिंगवाले, सायन्सच्या लोकांसमोर आमचा काय निभाव लागणार,’ असेही वारंवार ऐकायला मिळते. टीआयएफआरचे संस्थापक होमी भाभा केंब्रिजला यंत्र अभियांत्रिकी शिकून मगच भौतिकशास्त्राकडे वळले होते, एवढे लक्षात ठेवावे.

आमच्या पद्धतीबद्दल काही तक्रारी असतात, त्यांचाही खुलासा करतो. आम्ही छापील प्रश्नोत्तरांचा संच देत नाही, कारण पाठ केलेले उत्तर दुसऱ्या उपप्रश्नाला कोसळते. एसओपी, म्हणजे अर्जासोबतचे उद्देशपत्र, आम्ही लिहून देत नाही. विद्यार्थ्याने लिहिलेली तपासून देतो आणि जे वाक्य त्याला तोंडी पेलणार नाही त्यावर खूण करतो. पालकांना बैठकीत बसू देत नाही, याचे काहींना वाईट वाटते. परंतु वडिलांसमोर ‘हे मला येत नाही’ असे म्हणायला मुले कचरतात, आणि तेच वाक्य सरळपणे म्हणायची सवय आम्हाला लावायची असते. प्रोजेक्ट आधी घरच्या भाषेत, मराठीत किंवा अहिराणीत, समजावून सांगायला लावतो आणि त्यानंतरच इंग्रजीत, याला वेळकाढूपणा म्हणणारेही भेटले आहेत. ज्याचे इंग्रजी अडखळते त्याचा अनेकदा विषयच अडखळत असतो, हे या पद्धतीने पहिल्या अर्ध्या तासात कळते, आणि मग केवळ इंग्रजीच्या वर्गावर होणारा खर्च वाचतो.

मुलाखतीला किमान तीन आठवडे असताना यावे. आदल्या संध्याकाळी भुसावळहून गाडी पकडण्यापूर्वी ‘एक तास द्या’ म्हणणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नकार देतो. प्रत्येक बैठक फळ्यासमोर, खडू हातात देऊन होते, आणि शेवटी कोणत्या प्रश्नावर गाडी अडली याची लेखी नोंद विद्यार्थ्याला दिली जाते. मुलाखत ऑनलाइन असल्यास एक बैठक कॅमेऱ्यासमोर घेतो, कारण कागदावर काढलेली आकृती पडद्यावर नीट दाखवणे हेसुद्धा सरावाचेच काम आहे.

पहिल्या बैठकीला येताना सादर केलेल्या अर्जाची छापील प्रत, प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि, सर्किट अथवा मॉडेल उपलब्ध असल्यास, तेही आणावे. गटातील एखादे काम दुसऱ्याने केले असेल तर येण्यापूर्वी त्याच्याशेजारी बसून ते समजून घ्यावे. हे काम घरी विनामूल्य होते, आमच्याकडे त्याचे शुल्क पडते. अर्जाची प्रत सोबत नसल्यास बैठक घेतली जात नाही, पुढील मोकळी वेळ दिली जाते.