ताट आणि टेबल: सोलापुरातील विद्यार्थ्यांच्या सामायिक स्वयंपाकघरामागचा इतिहास

शिकायला सोलापुरात आलेल्या मुलामुलींसाठी एकाच छताखाली सामायिक स्वयंपाकघर आणि अभ्यासाची जागा असावी, हा विचार वरवर नवा वाटतो. आराखडे काढताना ओटा किती फुटांचा, टेबले किती, चार्जिंगचे पॉइंट कुठे, इथूनच सुरुवात होते. पण या शहरात जेवण आणि शिक्षण यांची सांगड शंभर वर्षांपूर्वीच घातली गेली होती. ती कशी घातली आणि पुढे कशी सुटली, हे ठाऊक नसेल तर आराखडा चुकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या काळी गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणी माधुकरी मागून आणत. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले ते अशाच मुलांच्या सोयीसाठी. ही व्यवस्था अपमानाची होती, तरी व्यवस्था होती. ज्या मुलाला कुणाच्या ओसरीवरही पाय ठेवता येत नव्हता, त्याला वार कोण देणार? गावात चौथीपर्यंत शिकलेल्या दलित मुलाला हायस्कूलसाठी शहरात यायचे, तर पहिला प्रश्न फीचा नसून रात्री जेवायचे कुठे हा होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वेगवेगळी वसतिगृहे उभी केली. त्यांच्या वेगळेपणावर आज कुणी नाक मुरडेल. पण एका पंगतीला बसायला समाजच तयार नव्हता, तेव्हा मुले शिकती करायची तर तोच रस्ता उघडा होता.

सोलापूर या गोष्टीत येते ते १९२५ च्या पहिल्याच आठवड्यात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने दलित समाजातील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी सोलापुरात वसतिगृह उघडले. राहणे, जेवण, कपडे, वह्या-पुस्तके असा खर्च सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले. जिवप्पा ऐदाळे यांनी तिथली व्यवस्था पाहिली. सभेच्या प्रेरणेने विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही काढले. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. जेवणाची ददात मिटली की त्याच मुलांच्या हाती लेखणी आली, आणि वाचन, लेखन, जेवण यांच्यात भिंत राहिली नाही. सामायिक स्वयंपाकघर आणि सामायिक कामाची जागा म्हणून आपण जे काही आज मागतो आहोत, त्याची या शहरातली ठळक सुरुवात हीच.

त्याच सुमारास शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी एक पाऊल पुढे टाकले. १९२४ साली त्यांनी सुरू केलेल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामे वाटून घेत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. धान्य गावोगाव मागून आणले जाई. ते संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकले. स्वयंपाक हा तिथे शिक्षणाचाच भाग होता.

सोलापूरची एकत्र जेवणाची दुसरी परंपरा गिरण्यांची. ‘जुनी गिरणी’ याच नावाने ओळखली जाणारी कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली, मग एकामागून एक गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून आणि आसपासच्या तालुक्यांतून कामगार आले. एकटा आलेला माणूस खानावळीत महिन्याचे पैसे भरून जेवे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मोठ्या गिरण्या थंडावल्या, पण खानावळीची रीत राहिली आणि तिचे गिऱ्हाईक बदलले. दयानंद महाविद्यालय १९४० चे, संगमेश्वर १९५३ चे, वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे, वालचंद अभियांत्रिकी १९८३ चे, आणि १ ऑगस्ट २००४ रोजी जिल्ह्याचे स्वतंत्र विद्यापीठ. मुले वाढत गेली, वसतिगृहांच्या खाटा त्या वेगाने वाढल्या नाहीत. उरलेली मुले ‘कॉट बेसिस’वर गेली. खोलीत तीन-चार खाटा, जेवण मेसमध्ये, अभ्यास तिसऱ्याच ठिकाणी.

हे तिसरे ठिकाण म्हणजे अभ्यासिका. स्पर्धा परीक्षांचे वेड वाढले तशा त्या गल्लोगल्ली निघाल्या. लाकडी कप्पे, डोक्यावर पंखा, महिन्याची फी. सोय चांगली, पण डबा खायला बहुतेक ठिकाणी जिन्याची पायरी. एका विद्यार्थ्याचा दिवस अशा रीतीने तीन भाड्यांत वाटला गेला, आणि मुलींच्या बाबतीत रात्री मेसपासून खोलीपर्यंतचा रस्ता हा आणखी एक खर्च. तो कुठल्या हिशोबात धरला जात नाही.

सरकारी धोरणही याच दिशेने सरकले. २०१६-१७ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलाला काही महापालिका क्षेत्रांत वर्षाला ५१ हजार रुपये: भोजनाचे २८ हजार, निवासाचे १५, निर्वाहाचे ८. रक्कम मोलाची आहे, अनेकांचे शिक्षण तिच्यावर टिकले. मात्र १९२५ मध्ये मिळाले होते ते घर, आता मिळते ती रक्कम. आदिवासी विकास विभागाने २०१८ मध्ये वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यात टाकायला घेतले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. चूल गेली की एकत्र बसणेही जाते, हे त्या मुलांना कुणी शिकवावे लागले नाही.

आता आराखड्याकडे. सोलापूरचा विद्यार्थी घरून रिकाम्या हाताने येत नाही. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटकडून कडक भाकरी, शेंगाचटणी, ज्वारीचे पीठ येते. एसटीने डबाही येतो. म्हणून पहिली गरज पिठाच्या डब्यांना प्रत्येकी कुलपाच्या कप्प्याची. भाकरी थापताना खांद्याचा जोर लागतो, नेहमीच्या ओट्यावर परात उंच पडते आणि मनगट दुखते. ओट्याचा एक भाग वीतभर खाली हवा. भाकरी तव्यावरून काढून थेट जाळावर शेकायची, तर मोठा बर्नर आणि वर मोकळी जागा हवी. मिरचीच्या फोडणीचा ठसका अभ्यासाच्या खोलीत जाऊ नये, एवढ्यासाठी वाऱ्याची दिशा पाहून मगच खिडक्या काढाव्यात. तेलुगू घरातल्या मुलाला भात लागतो, कन्नड घरातल्याला रोट्टी. मांसाहार कुठे शिजवायचा हा प्रश्न टाळून चालणार नाही. वेगळी भांडी देता येतील, पण वेगळे ओटे म्हटले की आपण पुन्हा शंभर वर्षे मागे जातो. नियम आधी सगळ्यांनी बसून ठरवावा.

पाणी हा दुसरा मुद्दा. या शहराला वर्षानुवर्षे काही दिवसांआडच पाणी येते. चाळीस मुलांच्या स्वयंपाकाला आणि भांड्यांना माणशी रोज पंधरा लिटर धरले, तर चार दिवसांचे २,४०० लिटर झाले. टाकी आधी, टाइल्स नंतर. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. परीक्षा नेमक्या तेव्हाच, त्यामुळे अभ्यासाची खोली पश्चिमेला किंवा पत्र्याखाली नको. कापडगिरण्यांच्या करवती छपरांतून उत्तरेचा उजेड आत येई, ऊन येत नसे. ती युक्ती अजूनही स्वस्त आहे.

अडचण उरते ती कागदाची. स्वाधारचा भत्ता एकेकट्याच्या खात्यात, वीजमीटर घरमालकाच्या नावावर, गॅसची जोडणी कुणा एकाच्या नावावर, आणि तो मुलगा परीक्षा देऊन मे महिन्यात गावी निघून जातो. दहा जणांनी भोजनाचे २८-२८ हजार एकत्र केले तर वर्षाला २ लाख ८० हजार होतात, एका चुलीला पुरेसे. ते स्वीकारणारी आणि हिशोब ठेवणारी संस्था हवी. नगरपालिकेने १९२५ मध्ये ४० रुपये सभेला दिले होते, एकेका मुलाला नव्हे.